पाचवा विषय

दुर्गेश्वरीनं मोबाईल तोंडाजवळ धरून विषयांची नावं वाचायला घेतली, तसं धुरपताबाईच्या हातातलं सूप थांबलं.

मराठी, हिंदी, इतिहास, चित्रकला हे चार ठरले होते. पाचवा ठरायचा होता. दहावीनंतर पोरीला कॉलेजात जाणं झेपलं नाही. सिकलसेलचं, रक्तातलं दुखणं. थंडी लागली, पावसात भिजली, जरा लांब चालली, की गुडघे असे सुजायचे की अंगावर टाकलेली गोधडीही सोसायची नाही. म्हणून ही मोबाईलवरची शाळा. शिकवणारी मॅडम नागपुरात, शिकणारी दरेकशात, आंगणातल्या बाजेवर.

"गृहविज्ञान घे," यादोराव ओट्यावरून म्हणाला. "बसल्या बसल्या होते."

"आजपावतर बसूनच तं हावो, बाबा."

"मंग ते कॉम्प्युटरचं घे."

"मले जीवशास्त्र पाह्यजे."

धुरपताबाईनं सूप खाली ठेवलं. त्या विषयाचं प्रात्यक्षिक गोंदियाला जाऊन करावं लागणार होतं, तेही पूस महिन्याच्या थंडीत, सकाळच्या गाडीनं. "काऊन व? गाडीत अकडून मरतेस का?"

"मले जे खाऊन राहिलं, त्याची ओळख तं होऊ दे, माय."

पोरीनं बोट टेकवलं आणि विषय घेतला.

धडे सुरू झाले. मॅडमचा आवाज आंगणात घुमायचा, धुरपताबाई तांदूळ निवडत ऐकायची. कळायचं थोडं, पण पोरीचा चेहरा दुखणं विसरलेला असायचा, तेवढं तिला पुरायचं. एक दिवस धडा संपला आणि दुर्गेश्वरी बाजेवरून उतरून तिच्याजवळ येऊन बसली. सुपातले चार दाणे तिनं वेगळे काढले, दोन पांढरे, दोन लाल.

"एक पांढरा, एक लाल, हे बाबा. एक पांढरा, एक लाल, ही तू. ज्याच्यापाशी एकच लाल, त्याले काही होत नाही. लेकराले मायकडून एक आन् बापाकडून एक दाना येते. माह्या वाट्याले दोन्ही लाल आले."

"बाबाकडूनबी?"

"बाबाकडूनबी. एकट्या तुह्या दान्यानं मी अशी झाली नसती."

धुरपताबाई त्या चार दाण्यांकडे पाहत राहिली. पोर पहिल्यांदा कळवळली त्या दिवसापासून यादोराव एकच बोलत आला होता, दवाखान्यात, पाहुण्यांत, जेवत्या ताटावर. तुह्या माहेरचं रगत. तिलाही ते खरंच वाटत आलं होतं. आंदणात भांडी आली, त्यांच्यासोबत हेही आपणच घेऊन आलो. आज उरावरचा धोंडा कोणी अर्धा उचलून घ्यावा तसं झालं. किती दिवसांनी तिच्या ओठी गाणं आलं.

माहेराच्या वाटे मोह फुलला दाटून
भाऊ येते माझा ऊन पदरी घेऊन

"माय," पोरगी खाली पाहत म्हणाली, "दादाजवळबी लाल दाना असन. आन् मामाच्या घरीबी."

गाणं तिथंच तुटलं.

दादाचं, म्हणजे ओमेशचं साक्षगंध होऊन लग्न ठरलं होतं, धुरपताबाईच्या भावाच्या, केशोरावच्या सोनिकाशी. मामाची पोरगी भाच्याला, ही तर रीतच. पण ही सोयरीक धुरपताबाईनं स्वतः पदर पसरून मागितली होती. ह्या घरात आपलं म्हणणारं एक माणूस यावं, एवढ्यासाठी.

गप्प राहिलं तर लग्न होऊन जाईल, हे तिला कळत होतं. सोनिका हसत-खेळत नांदेल. पुढं कधी तिच्या लेकराचे गुडघे सुजतील.

ओमेशनं सरकारी दवाखान्यात रक्त दिलं. त्याच्याजवळ एक लाल दाणा निघाला. मग मांडवाचं ठरवायला केशोराव आला, तेव्हा त्याच्या हाती पाणी देऊन धुरपताबाई म्हणाली, "दादा, सोनिकाचं रगत एक डाव तपासून घे."

केशोराव हसला. "कायले? जावई डॉक्टर झाला का आमचा?"

तिनं दाण्यांची गोष्ट सांगितली. तो ऐकत गेला आणि हसू विझत गेलं. पाण्याचा गिलास त्यानं न पिता खाली ठेवला.

"म्हणजे तुह्या नवऱ्यानं जलमभर जे म्हटलं, तेच आता तू म्हणून राहिली."

"दोन्ही घरचं हाये, दादा."

"असं? मंग म्हणू दे न भाटव्याले."

धुरपताबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. माह्याकडचंबी हाये, एवढंच त्यानं म्हणायचं होतं. यादोराव उठला, चपला सरकवल्या आणि बैलांना वैरण टाकायला गोठ्यात गेला.

"पोरीले सुई टोचली असं बिरादरीत झालं, तं तिले कोन घेईल?" केशोराव दारातून म्हणाला. सोयरीक तिथंच मोडली. बैसाखात सोनिकाचं लग्न तिरोड्याकडे दुसऱ्या घरी लागलं. तिचं रक्त कोणी पाहिलंच नाही. ओमेश बहिणीशी बोलेनासा झाला. यादोराव मात्र बोलायचा. म्हणायचा, शिकवली म्हणून घर फुटलं.

पुसात प्रात्यक्षिकाचं बोलावणं आलं. पोरीला घेऊन धुरपताबाईच निघाली. गाडीत तिनं पोरीच्या गुडघ्यांना धोतराचं जुनेर गुंडाळलं, वर गोधडी टाकली. आमगाव आलं. हे तिचं माहेर. हिवाळ्यात ती गाडीनं जाणार असली की भाऊ उकडलेले शिंगाडे फडक्यात बांधून इथं उभा राहायचा. आज फलाटावर तो नव्हता. सोनिका होती, माहेरी आलेली, कोणाला तरी गाडीत बसवून परतत होती. हातभर हिरव्या बांगड्या. पोट दिसत होतं.

खिडकीशी येऊन तिनं आत्याचा हात धरला. "बरी हायेस न, आत्या? दुर्गे, परीक्षा व?"

धुरपताबाईला वाटलं, नुसता हात धरून राहावं. पण तिनं तोंड खिडकीशी नेलं. "बाई, तुहं रगत दाखवून घे. नवऱ्याचंबी. आताच."

सोनिकाचा हात सैल झाला. "बाबा म्हणतच होते, भेटली तं असंच बोलन म्हणून."

गाडी हलली. सोनिका पोटावर पदर ओढून पाठमोरी झाली.

"माय, मी गृहविज्ञान घेतलं असतं तं..."

"चूप राह्य," धुरपताबाई म्हणाली आणि घसरलेली गोधडी पुन्हा तिच्या गुडघ्यांवर ओढली. "दुखून राहिलं का?"

"हो."

गोंदिया यायला अजून वेळ होता.