न जोडलेली नळी

मित्रांनो, बंगळूरमधल्या येलहंक्याच्या एका फर्निचर वर्कशॉपमध्ये, रंगाच्या डब्यांमागे ढकलून ठेवलेला धूळ ओढायचा जुना व्हॅक्यूम म्हणजे मी. घरातला व्हॅक्यूम वेगळा, मी कारखान्यातला. माझे पोट पिंपासारखे आहे, खाली चार चाके आहेत आणि अंगावर एक लांब लवचीक नळी आहे. लाकूड घासून गुळगुळीत करणाऱ्या मशीनला सँडर म्हणतात. त्याच्या पाठीमागे एक तोंड असते, तिथे माझी नळी जोडायची. सँडर घासतो तेव्हा पिठाहून बारीक धूळ उठते. ती माणसाच्या नाकात जाण्याआधी मी ओढून घेतो. एवढेच माझे काम, आणि तेही मला फार थोडे दिवस करू दिले.

सहा वर्षांपूर्वी शंतनु सरांनी मला आणले. ते पुण्याचे. आयटीतली नोकरी सोडून त्यांनी हे वर्कशॉप काढले होते. त्यांच्याकडे देवाप्पा नावाचे सुतार होते, निपाणीकडचे. फळीवरून नुसता तळवा फिरवून कुठे उंचवटा राहिला आहे ते सांगणारे. मला खोक्यातून काढले त्या दिवशी शंतनु सर त्यांना म्हणाले, "देवाप्पा अण्णा, ही धूळ फार वाईट, छातीत जाऊन बसते. यापुढे व्हॅक्यूम जोडल्याशिवाय सँडर चालू करायचा नाही. प्रॉमिस?"

"सरी, सर," देवाप्पा हसून कानडीत हो म्हणाले. "तुम्ही म्हणालाय तर तसंच करू की."

ते माझे चांगले वर्ष. सँडरची पिन माझ्याच अंगावरच्या सॉकेटमध्ये असे. तो सुरू झाला की मीही आपोआप सुरू होई. तो थांबला तरी मी काही क्षण चालत राही, नळीत उरलेली धूळ पोटात घ्यायला. सँडरच्या चकतीला भोके होती. पॉलिश पेपर लावताना देवाप्पा पेपरची भोके चकतीच्या भोकांवर नेमकी बसवत, म्हणजे धूळ सरळ माझ्याकडे येई. दर शनिवारी ते तोंडाला पंचा बांधून मला दाराबाहेर नेत आणि माझा फिल्टर झटकत. "आई गं, एवढं सगळं माझ्या छातीत गेलं असतं बघ," असे ते माझ्याशीच बोलत.

मग सर्जापूर रोडच्या फ्लॅटांची कामे येऊ लागली. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या एमडीएफच्या फळ्या ट्रक भरभरून उतरू लागल्या. घासून घासून जुना सँडर जळाला आणि नवा आला. त्याचे तोंड माझ्या नळीपेक्षा मोठे निघाले. मध्ये बसवायला रबराचा एक जोड हवा होता, मुठीत मावेल एवढा.

"मागवतो," शंतनु सर म्हणाले.

तोपर्यंत देवाप्पांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा नळीवर चढवून तारेने आवळला. थोडी धूळ निसटायची, पण बाकीची मी ओढत होतो. फक्त ट्यूब सारखी सुटे आणि ती पुन्हा बसवण्यात वेळ जाई. एके दुपारी शंतनु सर घाईने आत आले. "अण्णा, आज राहू दे ते. संध्याकाळी गाडी लागतेय, दारं जायलाच हवीत."

तो 'आज' पुढे कधी संपलाच नाही.

"सर, ते रबर आलं काय?" देवाप्पांनी विचारले. "अरे, विसरलोच," सर म्हणाले. महिन्याने पुन्हा विचारले, तेव्हा "टाकतो ऑर्डरमध्ये" असे उत्तर आले. तिसऱ्यांदा सरांनी फोनवरून मानही वर केली नाही. त्यानंतर देवाप्पांनी विचारणे सोडले. मला त्यांचाही राग येई. पण मालकाला किती वेळा विचारणार?

पुढे बिनभोकाचे पॉलिश पेपर आले आणि माझी आशा संपली. माझ्या डोक्यावर जेवणाचे डबे आणि ओली फडकी येऊन बसली. समोर देवाप्पा रुमाल बांधून घासत उभे असत. त्यांच्या भुवया पांढऱ्या होत, पापण्या पांढऱ्या होत. मी सहा हातांवर उभा राहून ते नुसते पाहत होतो.

एकदा मात्र मला पुसून पुढे आणले. सिद्धी नावाची मुलगी वर्कशॉपचा व्हिडिओ करायला आली होती. माझी नळी सँडरला नुसती टेकवून ठेवली. देवाप्पांना नवा एप्रन घातला.

"अण्णा, कॅमेऱ्याकडे बघून हसा ना."

देवाप्पा हसले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेना.

"इट्स ओके, हे कट करू," सिद्धी म्हणाली.

व्हिडिओ झाला आणि नळी काढली. 'आमच्याकडे धुळीचा कणही उडत नाही,' असे त्या व्हिडिओत शंतनु सर म्हणतात. ग्राहकांना तो दाखवताना मी कितीदा तरी ऐकले आहे.

पुढच्या वर्षी देवाप्पांना फळी उचलताना धाप लागू लागली. मग ते यायचे बंद झाले. परवा त्यांच्या पत्नी अंबूबाई आल्या, नवऱ्याची हत्यारे न्यायला. रंधे आणि पटाशा त्या एकेक करून पिशवीत भरत होत्या.

"कसे आहेत अण्णा?" शंतनु सरांनी विचारले.

"चार पावलं चालले की बसतात. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं कडक झाल्यात, परत मऊ होत नाहीत. गावाकडं नेतोय आता." बोलता बोलता त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले. "हे काय हाय, सर?"

"व्हॅक्यूम आहे, अक्का. घासताना उडते ती धूळ ओढतो."

अंबूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "मग ह्यांची का नाही ओढली?"

शंतनु सर रंगाचे डबे सारखे करू लागले. मग म्हणाले, "बिघडलाय तो. बरेच दिवस झाले."

"असं व्हय," अंबूबाई म्हणाल्या. त्यांनी ते खरे मानले. जाताना पदराच्या टोकाने माझे झाकण पुसले, निकामी म्हाताऱ्याची कीव करावी तसे.

मित्रांनो, मी बिघडलेलो नव्हतो. पिन खोचली असती तर तिथल्या तिथे गरजलो असतो. पण माझ्या तोंडाला फक्त आत ओढता येते, बोलता येत नाही.

आमच्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगून झाली की शेवटी म्हणतात, आमची निगा राखा. मला निगा नको. मी गंजलो तरी चालेल. उद्या तुमच्या घरी कपाटे बसवायला माणसे येतील. त्यांच्या सँडरला नळी जोडली आहे का ते बघा. नसेल तर काम थांबवा, कपाट आठ दिवस उशिरा झाले तरी चालेल.

देवाप्पांच्या जागी आता नंदकिशोर आला आहे. जेमतेम तिशीचा आहे. काल दुपारपासून तो खोकतो आहे.