शून्य किंग्लेट

या वर्षानं माझा नुसता छळ मांडला होता. जानेवारीत बंदरावरच्या टेकाडावर पांढरं घुबड आलंय असं कळलं, म्हणून न्याहारीची अंडी ताटात तशीच टाकून धावलो, तर तिथं आमच्या पक्षीनिरीक्षण क्लबातला एमरी आधीच उभा, दात काढून.

"आत्ताच उडालं बघ ल्यूशियन! अगदी आत्ता!"

हा माणूस प्रत्येक पक्ष्याच्या पाच मिनिटं आधी कसा पोचतो, देव जाणे. मी हात चोळत परत आलो. एप्रिल सगळा धुक्यात गेला. पण घुबडाचं काय, आज उडालं तर उद्या येईल. मे महिन्यात जे झालं ते मात्र मला सोसवलं नाही.

मेमध्ये आमचा क्लब सकाळी बर्चच्या राईत जमतो, वार्ब्लर नावाचे चिमुकले गाणारे पक्षी बघायला. एके सकाळी सगळ्यांच्या दुर्बिणी एकदम वर गेल्या. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. मीही दुर्बीण वर केली, सगळे बघत होते तिकडे वळवली आणि म्हणालो, "हो हो, तोच." त्यानंतर मी कुठले पक्षी बघतोय? लोकांच्या दुर्बिणी कुठं वळतात तेवढंच बघत होतो.

बारीक आवाज गेले होते. कावळा ऐकू येतो, सीगल ऐकू येतो, बायको तर फारच ऐकू येते. डॉक्टर म्हणाला, वयानं वरचे सूर जातातच. त्यानं दिलेलं यंत्र कानात घातलं तर आमचा फ्रीज बोंबलायला लागला, पक्षी काही परत आले नाहीत. दिलं ते खणात टाकून.

क्लबात मी चकार शब्द काढला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. कारण डिसेंबरात नाताळची गणती असते. एका दिवसात गावाभोवतीचे सगळे पक्षी मोजायचे, प्रत्येकाकडे आपापला विभाग. मिल कोव्हचं स्प्रूसचं, म्हणजे सूचिपर्णी झाडांचं, रान माझ्याकडे, माझे केस काळे होते तेव्हापासून. एमरीचा त्यावर कधीचा डोळा आहे. त्या रानाचा मानकरी म्हणजे किंग्लेट. अंगठ्याएवढा जीव, राहतो शेंड्यावर, दिसतो क्वचित. तो मोजायचा आवाजावरूनच. ज्याला तो ऐकू येत नाही त्याच्या हाती हे रान कोण ठेवील?

गणतीच्या सकाळी सगळीकडे बर्फ. माझी बायको क्लॉडेट बूट चढवून दारात उभी.

"तू कशाला?"

"एकटा पडलास कुठं घसरून, तर बर्फ वितळल्यावर, वसंतातच सापडशील मला."

तिला पक्ष्यांत काडीचा रस नाही. थर्मास पोटाशी धरून ती माझ्यामागं चालत होती. रानाच्या मध्यावर थांबली.

"हे काय चिरचिरतंय रे?"

"कुठं?"

"अरे, वर! सगळं झाडच चिरचिरतंय."

मी श्वास रोखून ऐकलं. वारा होता. दूर समुद्र होता. बाकी काही नाही. मान दुखेपर्यंत शेंडे पाहिले, एक डहाळी हललेली दिसली नाही.

"फांद्या घासतायत," मी म्हणालो.

"फांदी आणि जिवंत प्राणी यातलं काही कळत नाही होय मला?"

"कळतंय ना? मग तूच मोज की!" मी खेकसलो. "आणि हे क्लबात बडबडू नकोस." तिनं थर्मास दुसऱ्या काखेत मारला आणि पुढं चालू लागली.

आमच्यात कुणी साक्षीदार मागत नाही. स्वतः पाहिलं, ऐकलं, तेवढंच सांगायचं, आणि सांगितलेलं सगळे मानतात. मी ऐकलं नव्हतं, म्हणून शून्य. नियमाला धरूनच होतं की!

संध्याकाळी चर्चच्या तळघरात बीन्स आणि ब्राऊन ब्रेड. जेवता जेवता गणतीप्रमुख प्रिसिला एकेक पक्षी पुकारते आणि विभागवार आकडे घेते. दोन-तीन डझन नावं सुरळीत गेली.

"किंग्लेट. बंदर?"

"चार."

"दलदल?"

"नऊ," एमरी म्हणाला.

"मिल कोव्ह?"

"शून्य."

चमचे थांबले. "मिल कोव्हला शून्य?" प्रिसिला म्हणाली. "असं कधीच झालं नव्हतं."

"ती कीड लागली ना स्प्रूसला," कुणीतरी म्हणालं. "मी सांगतच होतो. संपलं ते रान."

प्रिसिलाचा चेहराच उतरला. "अहवालात सगळ्यात आधी हेच लिहावं लागणार."

क्लॉडेट खाली बघून बीन्स खात होती. मी गप्प राहा म्हटलं होतं आणि ती राहिली होती. ती बोलली असती तर मला तिच्यावर ओरडता तरी आलं असतं. आता ओरडायचं कुणावर? धडधाकट रानाला मी मेलेलं ठरवत होतो, तेही स्वतःची अब्रू वाचवायला.

"ते शून्य खोड," मी म्हणालो. आवाज फारच मोठा निघाला. "पक्षी होते तिथं. मलाच ऐकू येत नाहीत. मेपासून."

एमरी दात काढेल म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं. तो चमच्याशी चाळा करत बसला होता. त्यानं दात काढले असते तर परवडलं असतं.

"मग किती होते?" प्रिसिलानं हळूच विचारलं.

"हिला विचार."

"मला काय ठाऊक!" क्लॉडेट म्हणाली. "तीन झाडं भरून होते, एवढं खरं."

प्रिसिलानं लिहिलं: होते, संख्या नाही. मग पेन फिरवत बसली. "पुढच्या वर्षी मिल कोव्हला..."

मी थांबलो. एवढ्या जणांत एक तरी म्हणेल, ल्यूशियनच जाईल, दुसरं कोण? कुणी म्हणालं नाही. सगळ्यांना बीन्स एकदम फार आवडायला लागल्या होत्या.

"मी जाते," क्लॉडेट म्हणाली. "मला ऐकू येतं, याला कळतं. मी बोट दाखवीन, हा नाव सांगेल."

लोक हसले, टाळ्यासुद्धा वाजवल्या. प्रिसिलानं तिचं नाव लिहिलं आणि त्याखाली, कंसात, माझं. चिमणी आणि फिंच यांतला फरक न कळणारी बाई, आणि तिचा मी मदतनीस! मी चमचा ताटात आपटला. नको म्हणायला तोंड उघडलं.

"हातमोजे घालून ये पुढच्या वेळी," मी तिला म्हणालो. "बोट दाखवायला हात बाहेर ठेवावा लागतो."