नऊच्या आकड्याची धार

माझ्या सुनेला लोक खोटारडी म्हणत होते आणि मला ते ऐकू येत नाही असं त्यांना वाटत होतं. माझं आयुष्य फाउंड्रीत गेलंय. भट्टीच्या गोंगाटात कोण काय पुटपुटतं ते मला कळायचं, तर आखातातल्या या अल गराफाच्या शांत पार्किंगमध्ये काय अडचण?

जानेवारीतली शुक्रवारची सकाळ होती. जुन्या अमेरिकन गाड्यांच्या हौशी मंडळींचा मेळावा भरला होता. माझा मुलगा कुणाल ऑफशोअर ड्यूटीवर, म्हणून सुनेबरोबर मी आले होते. भैरवी गॅस प्लांटमध्ये इंजिनियर आहे. एकोणसत्तर सालची तिची दांडग्या इंजिनाची मसल कार इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजमध्ये चार वर्षं खपून तिने स्वतः उभी केली. मी कोल्हापुरातून फोनवर डोकं खायची, "बाई गं, कणीक मळायच्या आधी ते ग्रीस तरी धुतेस ना?" ती नुसती हसायची.

गाडी तिने 'मूळ इंजिन' गटात उतरवली होती. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा जे इंजिन तिच्यात होतं तेच आजही आहे, असं ती चार वर्षं सगळ्यांना सांगत होती.

परीक्षक होते वलीसाहेब, मूळचे कराचीचे. त्यांनी बॉनेटखालची पत्र्याची पट्टी वाचली. 01C, म्हणजे जानेवारीचा तिसरा आठवडा. गाडी तेव्हा जुळवली. मग टॉर्च आणि आरसा घेऊन ते इंजिनच्या मागच्या बाजूला वाकले. तिथे लोखंडातच ओतलेली अक्षरं होती, L 2 9. जानेवारीला A धरून मोजत गेलं की L म्हणजे डिसेंबर. दोन डिसेंबर, एकोणसत्तर.

"बेटी," ते म्हणाले, "इंजन गाडी से ग्यारह महीने छोटा है. ये असली कैसे होगा?"

"पण सर, इंजिन पे गाडी का नंबर भी है. तारीख भी है, नौ जनवरी."

"वो तो ठोके हुए हैं. कोई भी ठोक लेता है. ढलाई का हर्फ झूठ नहीं बोलता."

इंजिन साफ करताना वर्षाचा नऊचा आकडा दिसला तशी भैरवी हुरळून गेली होती आणि महिन्याच्या अक्षराकडे तिने बघितलंच नव्हतं. एवढी हुशार पोरगी, पण आनंदाच्या भरात माणूस अर्धवट वाचतो.

त्याच गटातल्या शेजारच्या काळ्या गाडीचा मालक अभिजित, पुण्याचा, फायनान्समधला. तो आपल्या उघड्या बॉनेटपाशी उभा राहून म्हणाला, "चार वर्षं आम्हाला ओरिजिनल ओरिजिनल ऐकवत होतीस ना? खलास!" मागे कोणीतरी कुजबुजलं की हिला आधीपासून माहीत असणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आई, घरी जाऊ या," भैरवी हळूच म्हणाली. "मी नाव मागे घेते. पण मी खोटं नव्हते हो बोलत."

"ठाव हाय मला. सरक तिकडं."

शिरोलीच्या फाउंड्रीत मी क्वालिटीला होते. तारखेच्या छोट्या पितळी पट्ट्या वाळूत ठसा उमटवणाऱ्या साच्याला स्क्रूने लावतात; महिन्याची एक, दिवसाची एक, वर्षाची एक. दर जानेवारीत आमच्याकडे ठरलेला घोळ व्हायचा. वर्षाची नवी पट्टी सगळे हौसेने लावायचे, दिवसाची सवयीने बदलायचे, आणि महिन्याची डिसेंबरचीच राहून जायची. त्यावरून मी भल्याभल्यांना फैलावर घेतलंय.

मी भैरवीच्या सामानातून रंग काढायच्या थिनरचा डबा घेतला, त्यात बोळा बुडवला, त्या अक्षरांवरचा केशरी रंग पार पुसून काढला आणि बोट फिरवलं. आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

"वलीसाब, इधर हात लगाओ," मी माझ्या कोल्हापुरी हिंदीत म्हणाले. "ये L देखो, कैसा गुळगुळीत है. महिनाभर रोज का रेती घासता है, तो पट्टी झिजता है. अब नऊ को नख लगाओ."

त्यांनी लावलं. नख कोपऱ्यात अडकलं. "नौ तो बिल्कुल ताजा है," ते म्हणाले.

"ताजाच रहेगा! साल का दुसरा दिन है. डिसेंबर होता तो ये नऊ सालभर घिसके चपटा हुआ होता. तुम्हारा हर्फ झूठ बोलता है, साब. वो L किसी ने बदला नहीं. ये दो जनवरी है."

"काकू," अभिजितने नाक खुपसलं, "पट्टी मध्येच तुटली असेल. डिसेंबरात नवीन लावली असेल."

"डिसेंबरात नवा नऊ? अरे माझ्या राजा, चार आठवड्यांनी फेकायचाच की तो! कुठला स्टोअरकीपर देईल तुला?"

वलीसाहेब मोठ्याने हसले, पण पुन्हा वाकले. ठोकलेली तारीख वाचली, पत्र्याची पट्टी वाचली आणि बोटांवर मोजलं. दोन जानेवारीला ओतलं, नऊला जुळवलं, तिसऱ्या आठवड्यात गाडीत बसलं. सगळं ओळीने लागलं. मग ते सरळ उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "इंजन असली है. और इस बेटी ने चार साल सच कहा है."

टाळ्या वाजल्या. भैरवीने सगळ्यांदेखत मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकला. मला रडू आलं, मी रडले. मग तिने डोळे पुसले, थिनरचा डबा उचलला आणि शेजारच्या काळ्या गाडीकडे वळली.

"अभिजित, थोडं थिनर उरलंय. आईंना तुझंही इंजिन दाखवू या?"

अभिजितने आपलं बॉनेट धाडकन बंद केलं.