भुलीआधी पाजलेली पेज

आपल्याकडे माणूस दवाखान्यात भरती झाला की त्याच्या आजारापेक्षा त्याच्या पोटाचीच काळजी घरच्यांना जास्त. डॉक्टर म्हणतात उपाशी ठेवा, आपण मान डोलावतो, आणि त्यांची पाठ वळली की पदराआडून डबा बाहेर काढतो. असं करणारी माणसं वाईट नसतात. जीव लावणारी असतात, म्हणून तर त्यांना आवरणं कठीण! वडशाजवळच्या, वैनगंगेकाठच्या एका वस्तीतल्या रुखमाबाई अशाच.

त्यांचा मुलगा इस्तारी नदीत जाळं टाकून पोट भरणारा, अंगापिंडानं दणकट गडी. पण पित्ताच्या पिशवीत खडे झाले आणि पोट धरून लोळायची पाळी आली, तेव्हा गडचिरोलीच्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. सून प्रेमिला लेकरांपाशी घरी थांबली आणि रुखमाबाई मुलासोबत आल्या. आदल्या दिवशी वॉर्डातल्या बुधरी सिस्टरनं बजावून सांगितलं, की उद्या उठल्यावर याला काहीही द्यायचं नाही. बुधरी धानोऱ्याकडची, बोलणं घरच्यासारखं, त्यामुळे रुखमाबाईंना सगळं कळलं. कळलं, पण पटलं नाही.

त्याला कारण होतं. त्यांच्या वस्तीत नदीवर निघालेल्या माणसाला कोरड्या पोटी जाऊ देत नाहीत. थोडी का होईना, तांदळाची पेज पोटात घालायची आणि मगच डोंग्यात, म्हणजे होडीत, पाय ठेवायचा. उपाशी माणसाला पाणी ओढून नेतं, असं जुनी माणसं सांगत आली. रुखमाबाईंचा दीर एकदा घरात भांडून, पेज न पिताच नदीवर गेला आणि बुडाला; त्याला खाटेवर घालूनच परत आणावं लागलं. तेव्हापासून त्या घरातून रिकाम्या पोटी कोणी बाहेर पडलं नव्हतं. आज तर पोरगा नदीपेक्षा मोठ्या संकटात उतरणार होता. त्याला उपाशी पाठवायचं म्हणजे आईनंच ढकलून देणं, असं त्यांना वाटत होतं.

दवाखान्यामागे नातेवाइकांसाठी चुली आहेत. सकाळी तिथं त्यांनी पेज शिजवली, इस्तारीला हात धुवायच्या निमित्तानं मागं नेलं आणि वाटी त्याच्या तोंडाला लावली. तो नको नको म्हणत होता. पण आईचे डोळे भरून आलेले पाहिले आणि गटागट पिऊन मोकळा झाला. नंतर बुधरीनं विचारलं, काही खाल्लं-पेल्लं का? त्यानं आईकडे पाहिलं आणि नाही म्हणाला. रुखमाबाईंचा जीव भांड्यात पडला.

इस्तारीला आत नेल्यावर त्या दाराबाहेरच्या बाकावर बसल्या. बुधरी त्यांच्याजवळ येऊन टेकली. म्हातारी एकटी आहे, घाबरली असेल, एवढंच तिच्या मनात. रुखमाबाई मात्र आतून निश्चिंत होत्या. थोड्या चेष्टेनंच त्यांनी विचारलं, "काऊन व बाई, उपाशी माणसाले भूल देता, तं त्याच्यात ताकत कुठून येईन?"

बुधरी म्हणाली, "मावशी, भूल देल्ली का माणूस झोपते, तसा त्याचा घसाबी झोपते. पाणी भलतीकडे गेलं तं आपल्याले ठसका लागते न? तो ठसकाच येत नाई. पोटातलं वर आलं तं सिद्धं छातीत जाते."

"अन् छातीत गेलं तं?"

"तं माणूस बुडते, मावशी. कोरड्या टेबलावर बुडते."

दिराला नदीतून काढलं तेव्हाचा त्याचा चेहरा रुखमाबाईंनी पाहिला होता. ज्याच्या धाकानं त्या जन्मभर घरातल्यांना पेज पाजत आल्या, तेच मरण त्यांनी आज स्वतःच्या हातानं पोराच्या पोटात घातलं होतं!

आता बोललं तर काय होईल, हेही त्यांना दिसत होतं. सगळ्यांसमोर बोलणी खावी लागतील. ऑपरेशन रद्द होऊन पोरगा तसाच दुखणं घेऊन घरी जाईल. गप्प बसलं तर कदाचित काहीच होणार नाही. पण त्या बंद दाराकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि बुधरीचा हात घट्ट धरला.

"बाई, मीनं पेज पाजली त्याले."

बुधरी पुढचं ऐकायला थांबली नाही. धावत आत गेली.

थोड्या वेळानं भूल देणाऱ्या डॉक्टरबाई बाहेर आल्या. रुखमाबाईंनी मान खाली घातली. आता दवाखाना डोक्यावर घेतील, अशीच त्यांची खात्री. पण बाई शेजारी बसल्या. औषध अजून दिलेलं नव्हतं. इस्तारीची पाळी दुपारनंतर, सगळ्यात शेवटी घेऊ म्हणाल्या. खोटं बोलल्याबद्दल त्यांनी स्पष्ट शब्दांत समज दिली, आणि मग म्हणाल्या, "उशिरा का होईना, तुम्ही सांगितलंत. त्याच्या पोटात काय गेलंय, हे तुमच्याशिवाय मला कोणी सांगितलं असतं?"

रुखमाबाईंना धीर आला. त्यांनी भीतभीतच विचारलं, की घसा झोपतो, ठसका झोपतो, मग श्वास कोण घेतो?

"तोही झोपतो," बाई म्हणाल्या. "तेवढा वेळ यंत्र लावून त्याचा श्वास मी चालू ठेवते. तो जागा होऊन स्वतः श्वास घेईपर्यंत मी उशाशीच असते, कुठंही जात नाही."

रुखमाबाईंना नदी आठवली. नदीत जाळं अडकलं की इस्तारी बुडी मारतो आणि जोडीदार डोंग्यात दोर धरून बसतो. दोर धरणारा बेसावध झाला तर बुडी मारणारा गेला. त्यांच्या पोराचाही दोर कोणीतरी धरून बसणार होतं. ना नात्याचं, ना गोत्याचं, तरी त्याच्या एकेक श्वासाची राखण करणारं! श्वास देवाच्या हाती असतो एवढंच आजवर ऐकलेलं. आज तो माणसाच्याही हाती सोपवता येतो हे कळलं आणि रुखमाबाईंनी आपोआप हात जोडले.

इस्तारी संध्याकाळी बाहेर आला, तेव्हा त्याची वर-खाली होणारी छाती त्या किती तरी वेळ नुसत्या पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी बुधरीनं त्याला उशी पोटाशी धरून खोकायला लावलं, लांब श्वास घ्यायला लावले, आधार देऊन चालवलं. एरवी ‘पोराचे टाके तुटतीन’ म्हणून रुखमाबाईंनी वॉर्ड गोळा केला असता. आज त्यांनी आधी ‘काऊन?’, म्हणजे कशासाठी, ते विचारलं. पडून राहिलं तर छातीत कफ साचतो, पायातलं रक्त गोठतं, हे बुधरीनं समजावलं, तशी दुसऱ्या बाजूनं त्याचा दंड त्यांनीच धरला.

शेजारच्या खाटेवर सोमारी नावाच्या बाईचा नवरा होता. त्याचं ऑपरेशन उद्यावर होतं. बुधरीनं विचारलं, घरी कोणतं औषध चालू आहे का? सोमारीनं मान हलवली, नाही. पण तिच्या पिशवीतली जंगली मुळी आणि ती उगाळून द्यायची सहाण रुखमाबाईंनी सकाळीच पाहिली होती. बुधरी पुढच्या खाटेकडे गेली. रुखमाबाई उठून सोमारीजवळ बसल्या आणि आपण काय करून बसलो होतो ते साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगितलं.

"मुळी चांगली का वाईट, मले नाई समजत," त्या शेवटी म्हणाल्या. "पण ज्याच्या हाती माणूस देऊन राह्यली, त्याच्यापासून लपवू नको, बाई. मले बोलले, पण माहा पोरगा जित्ता हाय."

सोमारीनं पिशवी उघडली. मग ती मुळी हातात घेऊन उठली आणि बुधरीला हाक मारत तिच्यामागे गेली.

मंडळी, आजाऱ्याची सेवा आपण सगळेच जिवापाड करतो. पाय चेपतो, उशाशी बसतो, नवस बोलतो. पण ऑपरेशनच्या आधी असो की नंतर, जे विचारलं त्याचं खरं उत्तर देणं ही पहिली सेवा आहे. नियम पटला नाही तर काऊन म्हणून विचारा, पुन्हा विचारा, भांडूनही विचारा. लपवू मात्र नका. आपल्या माणसाचा श्वास हातात घेऊन बसलेल्याला आपण अंधारात ठेवलं, तर त्यानं तो कशाच्या भरवशावर सांभाळायचा?