खरखर माझी नव्हती

मी एक जुना, पिवळट पडलेला, बटणांचा टेलिफोन आहे. नगरपालिकेच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत माझं टेबल आहे. दारावर ‘सहाय्य कक्ष’ अशी पाटी आहे. एकटे राहणारे वृद्ध, माजी सैनिक, अंथरुणाला खिळलेली माणसं यांची कामं इथून होतात. कुणाला चाकांची खुर्ची हवी असते, कुणाला दवाखान्यात न्यायला गाडी, तर कुणाचा पेन्शनचा अर्ज अडलेला असतो.

मित्रांनो, कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. तपासणाऱ्या बाईंनी मला कानाला लावून ‘खणखणीत’ असा शेरा दिला होता. सुरुवातीची वर्षं मी पाणीपुरवठा विभागात काढली. तिथे सकाळी नळ कोरडे राहिले की सगळ्या गावाच्या शिव्या आधी माझ्या कानात पडायच्या. या खोलीत आलो आणि पहिल्यांदाच माणसं माझ्याशी प्रेमाने बोलू लागली.

इथल्या ताई रोज सकाळी एकतीस जणांना फोन करतात. उठलात का, गोळ्या घेतल्यात का, काही हवं का, एवढंच विचारायचं आणि वहीत नावापुढे ‘ठीक’ लिहायचं. अकराव्या क्रमांकावर फौजीकाका होते. सैन्यातून निवृत्त झालेले, बायको वारलेली, लेक परदेशी. ते फोन उचलून नुसतं ‘हजर’ म्हणायचे, ते इतकं ठणठणीत की ताई मला कानापासून वीतभर लांब धरायच्या.

पण वय कुणाला चुकलंय? माझी वायर रिसीव्हरपाशी सोलवटली आणि मी खरखरू लागलो. ताईंनी दोनदा अर्ज दिला, पण तो कुठल्या टेबलावर बसून राहिला कोण जाणे. एकदा एका आजी सांगत होत्या, की खिडकीचा पडदा पडलाय, लावायला कुणी मिळेल का. माझ्या खरखरीतून ताईंना फक्त ‘पडल्ये’ एवढंच ऐकू आलं. रुग्णवाहिका धावत गेली, तर आजी स्टुलावर उभ्या राहून स्वतःच पडदा लावत होत्या. खोलीतले सगळे पोट धरून हसले. साहेबांनी मात्र ताईंची चांगलीच खरडपट्टी काढली. शहरात गाडी एकच आहे, नीट खात्री केल्याशिवाय पाठवायची नाही, असं बजावलं. मी टेबलावर मान खाली घालून होतो. चूक माझी होती.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ताईंनी अकरावा नंबर लावला. बराच वेळ घंटा वाजली. मग रिसीव्हर उचलला गेला आणि आवाज आला. शब्द ओले, जड, एकमेकांवर सांडलेले. ‘हजर’मधला ‘र’ तर आलाच नाही.

“काका, फोन बिघडलाय, नीट ऐकू येत नाहीये,” ताई म्हणाल्या. त्यांनी मला दोन चापट्या मारल्या. पलीकडून पुन्हा तसंच काहीतरी आलं. “बरं, ठेवते हं,” म्हणत त्यांनी वहीत ‘ठीक’ लिहिलं.

मित्रांनो, त्या वेळी माझा जीव किती तळमळला, कसं सांगू? मला माझी खरखर ओळखता येते. ती आवाजाच्या वरून वाळूसारखी सरकते. त्या दिवशी वाळू नव्हती, आवाजच बिघडलेला होता. पण दुसऱ्यांचे शब्द पोहोचवण्यापलीकडे मला बोलता कुठे येतं?

बाराव्या नंबरवर निवृत्त शिक्षिकाबाई होत्या. त्या चष्म्याच्या दुकानदाराची तक्रार सांगू लागल्या, आणि त्यांचा शब्द न् शब्द स्पष्ट येत होता. ऐकता ऐकता ताईंचा पेन थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे. बाईंना मध्येच थांबवून त्यांनी पुन्हा अकरावा नंबर लावला. लाइन व्यस्त होती. पुन्हा लावला, तरी व्यस्त. फौजीकाका कधी कुणाशी इतका वेळ बोलत नसत.

ताई तशाच साहेबांच्या टेबलाशी गेल्या. साहेबांनी कपाळाला हात लावला. पुन्हा पडदाच निघाला तर काय, असं विचारलं.

“निघू दे,” ताई म्हणाल्या. “मी माफी मागेन. पण गाडी आत्ता पाठवा.”

साहेबांनी स्वतःच मला उचललं आणि गाडी पाठवायला सांगितलं.

काकांच्या खाली राहणाऱ्या शिवणकामवाल्या मावशींकडे जास्तीची किल्ली होती. ताईंनी त्यांना वर पाठवलं. पुढचा तासभर सगळे माझ्याभोवतीच घोटाळत राहिले. मी एकदा वाजलो आणि सगळे दचकले, तर कुणीतरी चुकीचा नंबर लावला होता. शेवटी दवाखान्यातून फोन आला. काका खुर्चीतच एका बाजूला कलंडले होते, रिसीव्हर लोंबकळत होता. मेंदूत रक्ताची गुठळी होती. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. ताईंनी वही पुढे ओढली आणि अकराव्या नावापुढचं ‘ठीक’ खोडलं.

माझी वायर दुसऱ्याच दिवशी बदलली.

तीन महिन्यांनी काका काठी टेकत कक्षात आले. उजवा हात अजून त्यांचं ऐकत नव्हता. ताईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बराच वेळ कागद इकडचे तिकडे केले. मग खाली बघत म्हणाल्या, “काका, त्या दिवशी मी आधी ‘ठीक’ लिहिलं होतं.”

काकांनी एकेक अक्षर जुळवलं. “खोड… लंत… ना?”

ताईंनी मान डोलावली. काका पाणी प्यायले.

मित्रांनो, तो अकरावा नंबर लागला की पलीकडे रिसीव्हर उचलेपर्यंत माझा जीव आजही टांगणीला लागतो. तुमच्या ओळखीचं कुणी एकटं राहत असेल तर त्याला रोज एक फोन करा. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंची दुरुस्तीही वेळेवर करा, कारण आम्ही बिघडलो की माणसाचं दुखणं आमच्या बिघाडात लपून जातं. आणि कुणाचा आवाज वेगळा वाटला, तर फोनला चापटी मारून पुढच्या नंबराकडे वळू नका. पुन्हा विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा.