स्टिअरिंगखालचा काळा गोळा

गाडी खाकरली, क्षणभर चालली आणि बंद पडली. परत किल्ली फिरवली, परत तेच. स्टिअरिंगमागे किल्लीचं लाल चित्र लुकलुकत होतं, मला वेडावत असल्यासारखं. "मेली ऐनवेळीच कशी अडते!" मी स्टिअरिंगवर हात आपटला. ऐकायला घरात कुणीच नव्हतं, म्हणून जरा जोरातच ओरडले.

आज पाचच्या आत मला थोरल्या जाऊबाईंकडे पोचायचं होतं. दोघींचे नवरे गेले, तेव्हापासून त्या गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात आणि मी या चार खोल्यांत एकटी. संध्याकाळी त्यांचा मुलगा त्यांना परदेशी नेणार होता, कायमचं. फोनवर त्यांनी एवढंच मागितलं, "एकदा आपल्या गाडीतून फिरव. पुढे बसव. जन्मभर मागेच बसले." गाडी दोघा भावांनी मिळून घेतलेली. टॅक्सी करून गेले असते तर शब्द कुठे पाळला असता?

मेकॅनिकला बोलावलं. त्याने बॅटरीची वायर काढून परत लावली, दुसरी किल्ली फिरवून पाहिली, पेट्रोल बघितलं. सगळं ठीक.

"काकू, चोरी रोखणारं कुलूप लागलंय. मूळ किल्लीच्या डोक्यात चिप असते. ती सापडली नाही की गाडी इंजिन बंद करते. तुमच्या दोन्ही किल्ल्यांत चिपच नाही."

"म्हणजे मी चोर? इतकी वर्षं याच किल्ल्यांनी चालवतेय, ती काय हवेवर?"

तो हसला नाही. वाकून खाली बघत म्हणाला, "इथे स्टिअरिंगखाली काही चिकटवलेलं होतं का?"

कालच जाऊबाईंसाठी मी गाडी आतून घासूनपुसून लख्ख केली होती. तेव्हा काळ्या टेपचा एक मळकट गोळा हाताला लागला. आमच्या ह्यांचा गबाळेपणा, म्हणत मी तो सुरीने खरवडून फेकला होता.

"तीच चिप," मेकॅनिक म्हणाला. "दोघांना दोन किल्ल्या हव्या असतील. चिप इथे डकवली की साधी नक्कल केलेली किल्लीसुद्धा चालते."

"छान! म्हणजे चोराचीही सोय!"

बायकोला सांगायला काय झालं होतं या माणसाला? हे असते तर तिथल्या तिथे झापलं असतं. आता कुणाला झापू?

कचऱ्याचा डबा अंगणात उपडा केला. चहाचा चोथा, कांद्याची सालं, आणि त्यात तो गोळा. मेकॅनिकने तो फडक्याने पुसून किल्लीच्या खाचेजवळ टेपने बसवला. लाल चित्र विझलं. इंजिन चालू राहिलं. मी त्याला मिठी मारायचीच काय ती बाकी ठेवली.

जाऊबाई फाटकातच उभ्या होत्या, पर्स कवटाळून. "आत्ता येतेस? तुझं नेहमीचंच." मग पुढच्या सीटवर ऐटीत बसल्या. तळ्याभोवती दोन चकरा मारल्या. गिअर असा काय टाकतेस, तो सायकलवाला दिसत नाही का, तोंडाचा पट्टा चालूच. मीही सोडलं नाही. कितीतरी दिवसांनी मला कुणाशी पोटभर भांडायला मिळत होतं!

वृद्धाश्रमात परतलो तर त्यांचा मुलगा बॅगा टॅक्सीत चढवत होता. जाऊबाई उतरेनात.

"तुझ्याकडे जागा आहे ना," त्या समोर बघत म्हणाल्या. "एकदा तरी राहा म्हणशील, असं वाटलं होतं."

मी इंजिन बंद केलं. "तुम्ही हूं की चूं केलं नाहीत! मला वाटलं, तुम्हाला माझं तोंडही बघायला नको. मग राहा ना! आत्ता चला. मी सांगते त्याला."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. मग काचेतून मुलाकडे पाहिलं. तो आमच्याकडेच येत होता, हसत, आईसाठी आणलेला नवा स्वेटर हातात घेऊन.

"त्याने तिकडे माझी खोली रंगवून घेतलीय गं," त्या म्हणाल्या, आणि दार उघडून उतरल्या.