निरोगी रक्ताची नळी

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. भोसरीच्या आमच्या लॅबमध्ये 'स्वरूपा मॅडम आल्या' एवढं कानावर पडलं की लोकांचे मोबाइल खिशात जातात. मला त्याचा अभिमान होता. काम चोख झालं पाहिजे, मग चार जणांनी नाकं मुरडली तरी बेहत्तर, असं मी म्हणायचे. आता म्हणत नाही.

जुलैत आमच्याकडे मलेरियाच्या एका नव्या पीसीआर किटची पारख सुरू झाली. एरवी रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाचे जंतू शोधतात. ते अगदी थोडे असले तर कितीही डोळे फोडा, सापडत नाहीत. हे किट रक्तातला जंतूंचा डीएनए फेरीमागून फेरी दुप्पट करत जातं आणि मग लपलेलाही उघडा पडतो. ते खरंच इतकं चांगलं आहे का, की नसलेला मलेरिया दाखवतं, हे तीनशे रुग्णांच्या रक्तावर तपासून मला अहवाल द्यायचा होता. दर खेपेला रुग्णांच्या नळ्यांबरोबर आणखी दोन नळ्या लावायच्या. एक नुसत्या पाण्याची, एक निरोगी माणसाच्या रक्ताची. या दोन्हींत काही दिसलं तर ती खेप रद्द.

निरोगी माणूस म्हणून मी कस्तुरामावशींचं रक्त घेतलं. त्या आमच्याकडे ठेकेदारामार्फत सफाईला होत्या. मूळच्या हिंगोलीकडच्या, पण पंचवीस वर्षं दिघीत काढलेल्या. तापाचा कुणीही रुग्ण आला की मी त्याला फॉर्म भरायला लावते. आधी कधी मलेरिया झाला होता का, बाहेरगावी राहिलात का. मावशींना मी यातलं काही विचारलं नाही. आपल्याच मावशी, रोज समोर असतात, ठणठणीत दिसतात. "मावशी, जरा हात द्या," म्हटलं आणि त्यांनी बाही वर केली. कशासाठी, हेही मी धड सांगितलं नाही.

सुई आत असतानाच त्या बोलत होत्या. त्यांची मुलगी मैत्री गडचिरोलीत नर्स म्हणून लागली होती आणि मावशी उन्हाळ्यात तीन महिने तिच्याजवळ राहून आल्या होत्या.

"समदं जंगल हाय मॅडम, पर लेकीला लई मान हाय तिथं."

"हो का," म्हणत मी नळीवर लेबल चिकटवलं. मलेरियावर काम करणारी मी बाई, आणि मलेरियाचं माहेरघर असलेल्या गडचिरोलीचं नाव या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं.

पहिल्याच खेपेला निरोगी रक्ताची नळी पॉझिटिव्ह आली. जोरात नाही, पार छत्तिसाव्या फेरीला पडद्यावरची रेष वर चढली, म्हणजे असलेच तर जंतू अगदी थोडे. पाण्याची नळी मात्र स्वच्छ होती.

पाण्याची नळी स्वच्छ होती, हे मी हल्ली दिवसातून दहा वेळा स्वतःला ऐकवते. खोलीतच घाण असती तर तिथंही काहीतरी दिसण्याचा संभव होता. निदान मी थांबून विचार तरी करायला हवा होता. मी विचार केला नाही. टेबलं नीट पुसलेली नाहीत, हे ठरवून मोकळी झाले. मावशींकडून सगळी खोली ब्लीचनं पुसून घेतली आणि त्याच रक्ताची दुसरी खेप लावली. पुन्हा छत्तिसावी फेरी, पुन्हा तीच रेष. शनिवारी किट कंपनीचा निरंजन आकडे बघायला येणार होता. माझं डोकं फिरलं.

"मावशी, तुमच्या हातानं इथं सगळं बाटलंय!" मी ओरडले.

लॅबमध्ये आम्ही अशा वेळी 'कंटॅमिनेशन' म्हणतो. तो शब्द सोडून नेमका हाच माझ्या तोंडात कुठून आला? आला कुठून ते मला ठाऊक आहे, आमच्या घरात तो वापरात होता. त्याचा अर्थ मावशींना माझ्याहून जास्त ठाऊक असणार. त्यांचा चेहरा उतरला.

"म्या दोनदा पुसलं मॅडम," त्या हळू म्हणाल्या. "तिसऱ्यांदा पुसते."

त्यांनी सबंध सकाळ खोली घासली. हातमोजा फाटून ब्लीच आत गेलं आणि बोटांची सालं निघाली, ते मी पाहिलं होतं. तोवर त्यांचं रक्त संपत आलं होतं, म्हणून उरलेला थोडा अंश फ्रीजरमध्ये टाकून मी माझं स्वतःचं रक्त लावलं. तिसरी खेप स्वच्छ आली. "बघा, नीट पुसलं की होतं की नाही?" असं मी वर ऐकवलंसुद्धा.

कॉलेजच्या मुलींना मी दर वर्षी शिकवते की एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशानं पडला ते कळत नाही. मी एका दिवसात सफाईही बदलली होती आणि रक्तही. आणि खापर मावशींवर फोडलं होतं. त्रुटींच्या वहीत मी लिहिलं, 'पहिल्या दोन खेपा रद्द. कारण, सफाई अपुरी. सफाई कामगारास समज दिली.' खाली ठसठशीत सही केली. ठेकेदाराचा माणूस रणजीत ती वही दर आठवड्याला बघतो. सोमवारपासून त्यानं मावशींना चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनवर धाडलं. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

तेवीस दिवसांनी चाकणच्या एका दवाखान्यातून तापाच्या रुग्णांच्या नळ्या आल्या. तिसऱ्या फॉर्मवर नाव होतं, कस्तुरा जयसिंग खिल्लारे. वय अठ्ठेचाळीस, ताप आठ दिवस, हिमोग्लोबिन निम्म्यावर, सहा. या वेळी पीसीआरची गरजच नव्हती. काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि जंतू सरळ दिसले.

मी फ्रीजरमधून ती जुनी नळी काढली. मशीनमध्ये फक्त ती आणि पाणी, दुसरं काही नाही. दोन तास मी तिथून हलले नाही. पाणी स्वच्छ राहिलं. छत्तिसाव्या फेरीला रेष वर चढली. मलेरिया ताप न येताही रक्तात लपून राहू शकतो, आणि किट पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतं. त्याची पारख करायला बसवलेल्या बाईला तेवढं ऐकता आलं नाही.

आमच्या प्रमुख डॉक्टर तेजस्विनी यांना मी सगळं सांगितलं. दवाखान्याला काचेचा निकाल त्यांनी तिथल्या तिथं कळवला. मग म्हणाल्या, "अहवाल दुरुस्त करावा लागेल. आणि बाकीचंही पेशंटला सांगावं लागेल. मी फोन करू?"

"नको, मी जाते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघाले. चाकणच्या वाटेवर मोशीपासून ट्रकची रांग लागली होती आणि ती हलू नये असं मला वाटत होतं. दवाखान्यात मावशी खिडकीजवळच्या कॉटवर होत्या, पिवळ्या पडलेल्या. शेजारी त्यांचे मिस्टर जयसिंग मोसंबं सोलत होते. मला बघून मावशी उठायला लागल्या. मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलल्या.

"मॅडम, तुमचंच बरोबर व्हतं. डाक्टर म्हणले मलेरिया हाय. माझ्याच अंगात घाण व्हती, मंग पुसून कशी निघंल? माझ्यापायी तुमचं काम बिघडलं. राग धरू नका."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कॉटच्या कडेला बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. खोली स्वच्छ होती. मशीन त्यांच्या रक्तातला आजार दाखवत होतं आणि मी तो त्यांच्या हातांवर ढकलला. त्याच दिवशी ऐकलं असतं तर त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या असत्या, ताप येण्याआधी.

जयसिंगांनी मोसंबं वाटीत ठेवलं. "आठ दिस ताप अंगावर काढला तिनं," ते म्हणाले. "हितनंबी काढतील म्हणून सुट्टी घेईना."

मावशी उशीला टेकून बसल्या.

"म्हंजी माझं पुसनं बरोबर व्हतं?"

"बरोबर होतं. तिन्ही वेळा. मावशी, मला माफ करा."

"तुमी वहीत लिवलंय ना?" त्या म्हणाल्या. "रणजीतनं त्याचा फोटू काढून कॅन्टीनवाल्याम्होरं वाचून दावलं. ते आधी खोडा. आन् खोडलं की फोटू धाडा ह्यांच्या फोनवर."

सकाळी लॅब उघडताच मी वही काढली. लॅबच्या वहीत खाडाखोड चालत नाही, पांढरी शाई चालत नाही. चुकीच्या ओळीवर एकच सरळ रेघ मारायची, शेजारी दुरुस्ती लिहायची, सही आणि तारीख घालायची. खोडलेलं वाचता आलं पाहिजे, हा नियम मीच सगळ्यांना घोकायला लावलाय. मी रेघ मारली आणि लिहिलं, 'सफाई योग्य होती. निरोगी म्हणून घेतलेलं रक्त मी न विचारता, न तपासता वापरलं. चूक माझी.' खाली तितकीच ठसठशीत सही केली, तारीख घातली. फोटो काढला आणि जयसिंगांच्या फोनवर पाठवला.

तासाभरानं उत्तर आलं.

'कस्तुरा म्हणते, रेघेखालचं अजून दिसतंय.'